पुन्हा म्हणा

गाडगेबाबांच्या कीर्तनात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द कोणता असेल? कुणालाही विचारा, ‘गोपाला’ हेच उत्तर येईल. मला मात्र वाटतं की तो मान ‘नाही’ या शब्दाचा असावा. हा ‘नाही’ बाबांच्या तोंडचा नव्हे. तो समोर मातीत बसलेल्या बाया-माणसांच्या तोंडचा. बाबांनी विचारायचं आणि शेकडो गळ्यांनी एकदम ‘नाही’ म्हणायचं. परत विचारायचं, परत ‘नाही’. मोजदाद कुणी केलेली नाही, आणि करणाराही फजीत होईल; कारण हजार लोक एकाच वेळी जो शब्द उच्चारतात तो एकदा आला म्हणायचा की हजारदा?

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वलगाव येतं. पेढी नदीचं गाव. पेढी इथून पुढे पूर्णेला जाऊन मिळते. पावसाळा सोडला तर नदी म्हणून तिचा फारसा दरारा नाही. २० डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबांना अमरावतीकडे नेत असताना याच नदीच्या पुलाशी त्यांचा प्राण गेला. दोनच आठवड्यांपूर्वी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले होते. पुढे वलगावला बाबांची निर्वाणभूमी उभी राहिली, अमरावतीत समाधी झाली, विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. एसटी पुलावर आली की अजूनही एखादा म्हातारा खिडकीकडे वळून हात जोडतो. ओठ हलतात. काय म्हणत असेल ते ऐकू येत नाही, पण एकच शब्द दोनदा म्हणतो आहे एवढं ओठांवरून कळतं.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की पुनरुक्ती हा दोष. निबंधात एक शब्द दोन ओळींत दोनदा आला की त्याखाली लाल रेघ. मग हुशार मुलं काय करत? पहिल्या वाक्यात सूर्य, दुसऱ्यात रवी, तिसऱ्यात भास्कर, चौथ्यात दिनकर. मास्तर खूश. वाचणाऱ्याला मात्र त्या एका पहाटेत चार जण उगवल्यासारखे वाटत. हा रोग शाळेबरोबर संपत नाही. वर्तमानपत्रात पहिल्या परिच्छेदात जो ‘बिबट्या’ असतो तो दुसऱ्यात ‘वन्यप्राणी’ होतो आणि तिसऱ्यात ‘श्वापद’. गावात नक्की किती जनावरं शिरली, असा प्रश्न पडतो.

याच्या उलट टोकाला खरेदीखत. शेताचं खरेदीखत वाचून पाहा. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे दोन शब्द त्यात अंगावर येतील इतक्या वेळा येतात. लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस, लिहून घेणार यांच्याकडून लिहून देणार यांस. दस्तलेखकाला भाषेचं सौंदर्य कळत नाही असं नाही. पण त्यानं एका ठिकाणी ‘त्यांनी’ असं लिहिलं की पुढची तीस वर्षं दोन भाऊ कोर्टात. वाक्याला वाक्य जोडणारा शब्द जितका ठाम, तितका धुऱ्यावरचा वाद कमी. भाषाशास्त्रात हॅलिडे आणि हसन या दोघांनी १९७६ साली मजकुराच्या सांधेजोडीवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि शब्दाची आवृत्ती हा त्या जोडीचा एक मुख्य प्रकार म्हणून नोंदवला. आमच्या तहसीलच्या दारात टेबल टाकून बसणाऱ्या माणसाला ते आधीपासून माहीत होतं.

आणि मराठीनं तरी पुनरुक्तीला दोष का म्हणावं? आमचं बोलणं तिच्यावरच चालतं. व्याकरणात अभ्यस्त शब्दांचं वेगळं प्रकरण आहे: हळूहळू, शेजारीपाजारी, किरकिर. पण त्या यादीबाहेरही पाहा. ‘दोन भाकरी दिल्या’ आणि ‘दोन दोन भाकरी दिल्या’ यांत पंगत वाढते. ‘वाट पाहून दमलो’ आणि ‘वाट पाहून पाहून दमलो’ यांत दुपार उलटते. ‘लाल फुलं’ झाडावर असतात. ‘लाल लाल फुलं’ म्हटलं की म्हणणाऱ्याचे डोळेही त्यात येतात. शब्द तोच, पण दुसऱ्यांदा आलेला तो पहिल्यासारखा राहत नाही. पहिला वस्तू दाखवतो, दुसरा ती वस्तू सांगणाऱ्याला काय वाटलं ते दाखवतो.

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत तर सगळी गोष्टच या दुसऱ्या-तिसऱ्या वेळेवर उभी आहे. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी दर वेळी बाळाचं काहीतरी काम काढून त्याला थांबवते. घटना म्हणावी तर एकच. ती परत परत घडते. आमची आजी ती गोष्ट वऱ्हाडीत सांगायची आणि प्रत्येक वाक्य ‘मंग’नं सुरू करायची. मंग कावळा आला, मंग त्यानं कवाड वाजवलं, मंग चिमणी म्हणे. प्रत्येक ‘मंग’नंतर आम्ही ‘हाव’ म्हणायचं. हाव आला नाही की गोष्ट थांबे आणि अंधारातून विचारणा होई, “झोपला काय रे बापू?” गोष्ट पाठ होती. तरी तिनं अंघोळीच्या आधी तीट लावली, तर आम्ही उठून बसत असू. हे चूक, आधी अंघोळ. लहान मुलाला नवीन गोष्ट नको असते असं नाही. पण पुढं काय येणार ते माहीत असणं आणि ते तसंच येणं यात त्याला मोठा धीर मिळतो. बाहेर पाऊस, दाराशी कावळा, आणि आत चिमणी तेच वाक्य बोलते आहे तोवर घर शाबूत.

आजीला वाचता येत नव्हतं. तिचा ‘मंग’ कुठून आला असेल याचा मी उगाच विचार करत बसतो, आणि दर वेळी मनात रिद्धपूर येतं. तेही याच जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तिथं चक्रधरस्वामींच्या आठवणी भक्तांकडून विचारून विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ झालं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. त्या गद्यात ‘मग’ पावलोपावली भेटतो, आणि सर्वज्ञ, म्हणजे स्वामी, बोलले हे सांगणारे तेच ते ठरावीक शब्द. आजच्या एखाद्या संपादकानं त्यांतले निम्मे खोडले असते. उरलेल्यांच्या जागी ‘उद्गारले’, ‘उत्तरले’, ‘स्मित करीत म्हणाले’ घातलं असतं. म्हाइंभटांनी तसं केलं नाही. स्वामी आता नाहीत, त्यांचा एकही शब्द सांडता कामा नये, अशी धास्ती असलेल्या माणसाचं ते लेखन आहे. ते ठरावीक शब्द आले की वाचणारा सावरून बसतो: आता जे येईल ते आमच्या पदरचं नाही, त्यांचं आहे.

गाडगेबाबा या मुलखातले, पण त्यांचं काम वेगळं होतं. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, शेंडगावचा; नाव डेबू झिंगराजी जानोरकर. लहानपण मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला, मामाच्या शेतात. १९०५ साली घर सोडलं आणि नंतरची पन्नास वर्षं चालण्यात, झाडण्यात, बांधण्यात आणि कीर्तनात गेली. अक्षरओळख नव्हती. श्रोत्यांपैकी बहुतेकांनाही नव्हती. वाचणाऱ्याला पान मागं उलटता येतं; ऐकणाऱ्याला नाही. पोर रडलं, शेजारणीनं काही विचारलं, मागं कुत्रं भुंकलं, की एक वाक्य गेलं ते गेलंच. अशा माणसाला धरून ठेवायचं तर सांगण्यातच मागं येण्याची सोय हवी. वारकरी कीर्तनात ती असते: एक अभंग घ्यायचा, बुवा कितीही दूर गेले तरी टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं की सगळे परत त्याच ओळीवर. बाबांनी तो अभंगाचा खांब सैल केला. तुकोबा यायचे, कबीर यायचे, पण मध्ये कर्ज यायचं, दारू यायची, नवसाचं बोकड यायचं, पोराची शाळा यायची. एकातून दुसऱ्यात उडी. असं कीर्तन खरं तर विस्कटायला हवं. ते विस्कटलं नाही, कारण अधूनमधून गोपालाची धून यायची आणि सगळे तुकडे तिच्यावर येऊन बसायचे. बाबांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या गोधडीसारखं ते होतं: तुकडे दहा रंगांचे, दहा घरचे; धावदोरा एकच, आत जाणारा आणि ठरल्या अंतरावर वर येणारा.

आचार्य अत्र्यांनी सिंह, हत्ती आणि गाडगेबाबा यांना एकाच वाक्यात बसवलं होतं. कुणाला कुठं पाहावं ते सांगताना बाबांची जागा त्यांनी कीर्तनात ठरवली. ते वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसलं याचं कारण अर्थाइतकंच ‘पाहावे’ या तीनदा आलेल्या शब्दात आहे. पहिल्या दोन वेळी कान तयार होतो, तिसऱ्या वेळी त्याला जे दिलं जातं ते तो घेऊन टाकतो.

बाबांच्या नावानं जी दशसूत्री आज शाळांच्या भिंतींवर, धर्मशाळांत, चौकात रंगवलेली दिसते, तिचंही तसंच. भुकेल्यांना काय, तहानलेल्यांना काय, उघड्यानागड्यांना काय, बेघरांना, बेकारांना, मुक्या जनावरांना काय द्यायचं याची ती यादी. क्रियापद कुठेच नाही. नुसता ‘ना’ प्रत्यय ओळीमागून ओळीत येत जातो आणि चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचा हात आपोआप देण्याच्या दिशेनं वळतो. मी पाहिलेल्या पाट्यांवर एकच ओळ या साच्यातून निसटते: गरीब तरुण-तरुणींच्या लग्नाची. तिथं ‘ना’च्या जागी ‘चे’ आहे. अन्न देता येतं, वस्त्र देता येतं. लग्न द्यायचं नसतं, लावायचं असतं. आठ ओळींची सवय लागलेला डोळा नवव्या ओळीवर अडखळतो. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण साचा मोडतो तिथंच साचा होता हे कळतं, आणि दहाव्या ओळीत तो परत आला की हायसं वाटतं.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ती शिकवावी लागत नाही. मृगाच्या तोंडाशी बियाण्याच्या जाहिरातीच्या गाड्या भोंगा लावून गावागावांतून फिरतात. एका वाणाचं नाव दिवसभरात इतक्या वेळा कानावर पडतं की कृषी केंद्राच्या काउंटरवर तोंडातून तेच निघतं. निवडणुकीतला भोंगा वेगळं काही करत नाही. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं की अर्थ न कळणारी चिन्हं, अनोळखी शब्द, अनोळखी चेहरे नुसते पुन्हा पुन्हा समोर आले तरी माणसाला ते आवडू लागतात. कारण लागत नाही, ओळख पुरते. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी पुढचं पाऊल टाकलं. दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा लोकांना विधानं दिली, काही खरी, काही खोटी, आणि ती किती खरी वाटतात ते विचारलं. जी विधानं परत आली ती दर वेळी जास्त खरी वाटली. खोटीसुद्धा. आमच्याकडे अफवेला पाय फुटतात म्हणतात. ते पाय आवृत्तीचे.

म्हणून ‘पुनरुक्तीचं सामर्थ्य’ वगैरे शब्दांनी भारावून जाणाऱ्यांचा मला थोडा धाक वाटतो. सामर्थ्य आहेच. पण नवसाचं बोकडही आवृत्तीनंच जगलं होतं. आजा म्हणाला देवीला लागतं, बाप म्हणाला देवीला लागतं, तिन्हीसांजेला आईनं तेच म्हटलं. चौथ्या तोंडून आलं तेव्हा ते सत्य झालेलं होतं. बाबा ज्याच्याशी भांडत होते ती गोष्टही हजारदा सांगितलेलीच होती. तिच्यावर हजार-एकाव्यांदा उलटं सांगून काय होणार?

इथं त्यांनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. त्यांनी उत्तर सांगितलं नाही. प्रश्न पुन्हा पुन्हा केला आणि उत्तर लोकांच्या तोंडी ठेवलं. देव बोलतो का, देव चालतो का, देवापुढचा नैवेद्य कुत्रं खात असेल तर देव त्याला हाकलतो का, अशा धाटणीचे साधे, शेंबड्या पोरालाही उत्तर देता येईल असे प्रश्न. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नाव वर येते, तर मग मुंबईच्या समुद्रात बुडालेल्या बोटी पूजा घालून वर काढा की, हा त्यांचा टोला प्रसिद्ध आहे. हसू येतं, आणि हसताना ‘नाही’ तोंडातून निघून गेलेला असतो. भोंग्याचं वाक्य दुसऱ्याचं असतं. ते कानावाटे येतं आणि आत कधी बसलं ते कळत नाही. हा ‘नाही’ स्वतःच्या गळ्यातून, शेजाऱ्याच्या देखत निघालेला. नंतर घरी जाऊन तो परत गिळायचा तर निदान जड जातो.

धून आणि प्रश्न यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. एखादा शब्द लागोपाठ तीस-चाळीस वेळा मोठ्यानं म्हणा. थोड्या वेळानं त्याचा अर्थ गळून पडतो आणि नुसता आवाज उरतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात लिओन याकोबोव्हिट्सनं १९६२ मध्ये याच अनुभवावर प्रबंध लिहिला. डायना डॉइच या संशोधिकेला १९९५ मध्ये आणखी गमतीची गोष्ट सापडली: स्वतःच्याच बोलण्यातला एक तुकडा यंत्रावर परत परत वाजत राहिला, तेव्हा तो बोलण्यासारखा न वाटता गाण्यासारखा ऐकू यायला लागला. नामस्मरण करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. गोपालाच्या धुनीत तेच होत असणार. अर्थ पातळ होतो, सूर दाट होतो, बसलेल्यांचे श्वास एका लयीत येतात, दिवसभराची कटकट खाली बसते. पुष्कळ कीर्तनं, पुष्कळ सभा नेमकी इथंच थांबतात, कारण लोक आता काहीही म्हणायला तयार असतात. बाबा इथं थांबत नसत. टाळ्यांची लय टिपेला गेली की धून तोडायची आणि एकदम रोखठोक विचारायचं: कर्ज काढून जेवणावळ घालता का? तंद्री लागलेल्या माणसाला ऐन तंद्रीत हिशेब विचारायचा. लोकांना झुलवण्याची कला ज्याच्या हातात आहे त्यानं दर थोड्या वेळानं त्यांना झुल्यावरून उतरवावं, ही गोष्ट मला बाबांच्या झाडूइतकीच मोठी वाटते.

झाडूचा विषय निघालाच आहे. बाबा गावात आले की आधी गाव झाडत. रस्ता, चावडी, पाणवठा. कीर्तन रात्री. म्हणजे रात्री ते घाणीबद्दल बोलत, तेव्हा त्या शब्दाची एक आवृत्ती दिवसा हातानं होऊन गेलेली असे. समोरच्यांनी ती पाहिलेली असे, पुष्कळांनी लाजून हातभारही लावलेला असे. आज आमच्या भिंतीवर स्वच्छतेच्या घोषणा इतक्या वेळा रंगवल्या गेल्या आहेत की त्यांचं याकोबोव्हिट्सच्या शब्दासारखं झालं आहे. डोळा त्यांच्यावरून घसरतो. रंग तोच, शब्द तोच, मागं झाडू नाही.

आणि तरीही, या कीर्तनांनी लोक बदलले का, असं कुणी सरळ विचारलं तर मी सरळ ‘हो’ म्हणणार नाही. रात्री ‘नाही’ म्हणणाऱ्यांतला एखादा पुढच्या यात्रेला बोकड घेऊन गेलाच असेल. कित्येक गेले असतील. समूहात ओरडणं सोपं असतं. शेजारी ओरडतो म्हणून आपणही ओरडतो, आणि अशा होकार-नकाराचा भरवसा किती धरायचा याची मला शंका आहे. बाबांनाही ती असणार, नाहीतर त्यांनी एका गावात एकदा कीर्तन करून विषय संपवला असता. त्यांनी तसं केलं नाही. तेच प्रश्न घेऊन ते परत आले, पुढच्या वर्षी आले, पंढरीच्या वाटेवर भेटले, नाशिकला भेटले. नवीन विषय काढावा असं त्यांना वाटलं नाही, कारण जुन्या प्रश्नाचं उत्तर अजून लोकांच्या तोंडातच होतं, हातात आलेलं नव्हतं. विद्वानांची वेगळी पंचाईत असते. त्यांना दर व्याख्यानाला नवं काही सांगावं लागतं.

त्यांचं शेवटचं मानलं जाणारं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ चं, मुंबईतल्या वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं. वलगावच्या पुलाआधी सहा आठवडे. ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे आणि हल्ली कुणाच्याही मोबाइलवर निघतं. बाबा तेव्हा ऐंशीचे. पोलीस ठाण्यात एरवी प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कुणाला द्यावं लागतं हे ठरलेलं असतं. त्या रात्री विचारणारा होता चिंध्या पांघरलेला एक वऱ्हाडी म्हातारा, आणि विचारत होता तेच, जे तो पन्नास वर्षं विचारत आला होता.